शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण श्वासाचे काय?

शस्त्रक्रियागृहाचे दार उघडते, तोंडावरची पट्टी खाली ओढीत शल्यविशारद बाहेर येतात आणि 'ऑपरेशन उत्तम झाले' एवढे तीनच शब्द उच्चारतात. बाकांवर चार चार तास ताटकळलेल्या नातलगांचे हात आपोआप जोडले जातात. कोणी देवापुढे साखर ठेवावयास घरी धावतो, कोणी गावाकडे फोन लावतो. आपल्या समजुतीने संकट येथे संपलेले असते. पण पुष्कळदा ते येथे संपत नाही. तिसऱ्या दिवशी रोग्याला ताप चढतो, धाप लागू लागते, बोलताना वाक्य पुरे होत नाही. पोटावरची जखम स्वच्छ असते, टाके शाबूत असतात, ज्या विकारासाठी सुरी चालविली तो विकारही नाहीसा झालेला असतो. तरीही रोग्याची खाट अतिदक्षता विभागात हलवावी लागते. 'ऑपरेशन तर चांगले झाले होते, मग असे कसे झाले?' हा प्रश्न त्या बाहेरच्या बाकांवर आजवर किती घरांतील माणसांनी एकमेकांना विचारला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

आज आम्ही पहिल्या पानावर हा विषय घेत आहो, याचे काही वाचकांना नवल वाटेल. ही जागा सहसा सत्तांतराला, दरवाढीला किंवा एखाद्या मोठ्या दुर्घटनेला मिळते. परंतु माणसे एकाच ठिकाणी एकाच वेळी मेली तरच दुर्घटना होते असे नाही. वेगवेगळ्या रुग्णालयांत, वेगवेगळ्या तारखांना, एकाच टाळता येण्याजोग्या कारणाने माणसे जातात तेव्हा तीही दुर्घटनाच असते. फक्त ती बातमी होत नाही. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत जगात दरवर्षी निदान ४२ लक्ष माणसे मृत्यू पावतात, असा अंदाज २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या साऱ्या मृत्यूंचे खापर फुप्फुसांवर फोडता येणार नाही हे उघड आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतर उद्भवणाऱ्या उपद्रवांत फुप्फुसांचे उपद्रव नेहमीचे आणि घातक म्हणून वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहेत. अमेरिकेतील सात मोठ्या अध्यापन-रुग्णालयांतील १२०२ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. हे रुग्ण आधीपासूनच कोणत्या ना कोणत्या गंभीर व्याधीने ग्रासलेले होते, आणि त्यांच्यावरील शस्त्रक्रिया हृदयाची वा छातीची नव्हती. तरीही त्यांतील दर तिघांपैकी एकाला फुप्फुसाचा काही ना काही उपद्रव झाला. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, जे उपद्रव सौम्य म्हणून दुर्लक्षिले जातात, त्यांच्याही मागोमाग रुग्णालयातील मुक्काम वाढला, अतिदक्षता विभागाची पायरी चढावी लागली आणि मृत्यूचे प्रमाणही वाढले.

हे होते कसे, ते समजून घेण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. पूर्ण भूल दिली की शरीराचे स्नायू सैल पडतात. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल वर सरकते. फुप्फुसांत एरवी शिल्लक राहणारी हवा कमी होते. आणि पाठीच्या बाजूचे, तळाकडचे वायुकोश हवा संपलेल्या फुग्यासारखे मिटून जातात. भूल घेतलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांत हे थोडेफार घडते. बहुतेकांचे वायुकोश लवकरच पुन्हा उघडतात आणि कोणाला काही कळतही नाही. परंतु छेद छातीवर किंवा पोटाच्या वरच्या भागात असला, तर प्रत्येक दीर्घ श्वास जखमेला ताण देतो. रोगी साहजिकच वरवर श्वास घेऊ लागतो. आपण सारे दिवसभरात नकळत अधूनमधून जो मोठा उसासा टाकतो, तोही तो टाकीत नाही. खोकला आला तर दाबून धरतो. श्वासनलिकेतील कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची यंत्रणा भुलेच्या औषधांनी मंदावलेली असते. मिटलेले वायुकोश, साचलेला कफ आणि तोंडातून खाली उतरलेले जंतू अशी तीन माणसे एकत्र आली की न्यूमोनियाचा संसार थाटला जातो. त्यातच दिवसचे दिवस पाय न हलविल्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी झाली आणि ती निसटून फुप्फुसात जाऊन बसली, तर घटका-दोन घटकांत होत्याचे नव्हते होते.

हे ज्ञान आजचे नाही. लंडनमधील मिडलसेक्स रुग्णालयाचे वैद्य विल्यम पाश्चर यांनी १९०८ साली फुप्फुस मिटण्याच्या या विकारावर व्याख्यान दिले, आणि १९१० साली पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर तो कसा उद्भवतो याचे वर्णन प्रसिद्ध केले. (जंतुशास्त्राचे प्रख्यात लुई पाश्चर ते हे नव्हेत.) म्हणजे निदान होऊन शंभर वर्षे उलटून गेली आहेत. पण त्या काळी उपचाराचा जो मंत्र होता, तो रोगाला खतपाणी घालणारा होता. शस्त्रक्रिया झालेल्याने आठवडाच काय, दोन दोन आठवडे बिछान्यातून उठू नये, अशी शिस्त होती. शिकागोचे एमिल रीस यांनी १८९९ सालीच रोग्याला लवकर उठविण्याचा पुरस्कार केला होता. तो फारसा कोणी ऐकला नाही. डेट्रॉइटचे शल्यविशारद डॅनियल लीथाउझर यांनी १९३८ नंतर हाच विचार पुन्हा उचलून धरला आणि १९४६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयांतील खाटा व माणसे दोन्ही अपुरी पडली, तेव्हा रोग्यांना लवकर उठविणे भागच पडले. आणि उठलेले रोगी पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे होतात, हे डॉक्टरांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. विचाराला जे चाळीस वर्षांत साधले नाही, ते गरजेने पाच वर्षांत साधून दिले.

डॉक्टरांचा तो जुना मंत्र ग्रंथांतून गेला. पण तो आमच्या घरांतून गेला आहे काय? मध्यमवर्गीय घरातील कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे दृश्य आठवून पाहा. खाटेभोवती मावशी, आत्या, वहिनी, शेजारी यांचे कडे असते. 'हलू नको, टाके तुटतील', 'खोकू नको, पोटाला हिसका बसेल', 'आज राहू दे, उद्या उठ' असे प्रेमाचे हुकूम चारही बाजूंनी सुटत असतात. परिचारिका रोग्याला खुर्चीत बसवावयास आली, तर तिच्याकडे जणू ती वैरीण आहे अशा नजरेने पाहिले जाते. शस्त्रक्रियेच्या आधी पोट रिकामे ठेवावयास सांगितलेले असते, तेव्हा 'सकाळपासून उपाशी आहे हो' म्हणून लपून घोटभर चहा पाजणारेही याच मायेचे धनी. भुलेच्या गुंगीत पोटातील अन्न वा आम्ल श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसाची काय दैना होते, हे न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन यांनी बाळंतिणींच्या बाबतीत १९४६ सालीच दाखवून दिले आहे. ही माया खोटी आहे असे कोण म्हणेल? पण अज्ञानाच्या हाती सापडलेली माया रोग्याला औषधासारखी लागू पडत नाही. कित्येकदा ती अपथ्यासारखी बाधते.

या उपद्रवांवरचा उपाय अवघड किंवा महागडा असता, तर आम्ही हा अग्रलेख सरकारी तिजोरीला उद्देशून लिहिला असता. पण येथेच या विषयातील खरी आशा आहे, आणि खरी शरमही आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील तीन रुग्णालयांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. पोटाच्या वरच्या भागावर मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती अशा चारशेहून अधिक रुग्णांचे दोन गट केले. माहितीची पुस्तिका दोन्ही गटांना दिली. एका गटाला मात्र तिच्या जोडीला भौतिकोपचारतज्ज्ञाने, ज्याला आपण फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्याने, शस्त्रक्रियेच्या आधी एकदाच अर्धा तास समोर बसवून शिकविले. भूल दिल्यावर फुप्फुसाचे काय होते, शुद्धीवर येताच दीर्घ श्वास का घ्यावयाचे, ते कसे घ्यावयाचे आणि जागेपणी दर तासाला का घ्यावयाचे, एवढाच त्या धड्याचा विषय होता. ज्यांना नुसती पुस्तिका मिळाली त्यांच्यापैकी शेकडा २७ जणांना पहिल्या चौदा दिवसांत फुप्फुसाचा उपद्रव झाला. ज्यांना अर्ध्या तासाचा धडा मिळाला त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १२ होते. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, परदेशातून मागवावयाची कोणतीही वस्तू नाही. एक जाणता माणूस, एक घाबरलेला माणूस आणि दोघांमध्ये अर्धा तास. एवढ्यावर हे काम झाले.

ज्याने आयुष्याची काही वर्षे फळ्यापुढे घालविली आहेत, त्याला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही. पुस्तक हातात दिले म्हणजे धडा समजला असे होत नाही. आणि परीक्षा सुरू झाल्यावर शिकवणी घेऊन उपयोग होत नाही. पोट दुखत असताना, गुंगी असताना, नळ्या लावलेल्या असताना रोग्याला 'दीर्घ श्वास घ्या' म्हणून ओरडून सांगणे म्हणजे उत्तरपत्रिका हाती दिल्यावर मुलाला पाढे शिकविण्यासारखे आहे. धडा आधी झाला पाहिजे, शांतपणे झाला पाहिजे, रोग्याच्या भाषेत झाला पाहिजे आणि त्याने तो करून दाखविला पाहिजे.

अमेरिकेतील बॉस्टन मेडिकल सेंटरने हाच विचार साऱ्या रुग्णालयाच्या शिस्तीत बसविला. दीर्घ श्वास व खोकला, श्वास मोजणाऱ्या उपकरणाचा वापर, तोंडाची स्वच्छता, रोग्याला व नातलगांना आधी दिलेली समज, दिवसातून निदान तीनदा खाटेवरून उतरविणे आणि उशाची बाजू उंच ठेवणे, अशा साध्या गोष्टींचा तो कार्यक्रम होता. २०१३ साली त्यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले. न्यूमोनियाचे प्रमाण शेकडा २.६ वरून १.६ वर आले, आणि अकस्मात श्वासनलिकेत नळी घालण्याचे प्रसंग शेकडा २.० वरून १.२ वर आले. दात घासणे, उशी उंच करणे, खुर्चीत बसणे, यांत वैद्यकशास्त्राचा चमत्कार कोठेच नाही. आहे ती केवळ नेटाने पाळलेली शिस्त.

आमच्याकडे काय आहे? आमच्याकडे ते श्वासाचे उपकरण आहे. तीन रंगीत चेंडूंचे ते प्लॅस्टिकचे खेळणे औषधाच्या दुकानातून आणावयाची चिठ्ठी नातलगाच्या हाती पडते, ते विकत आणले जाते आणि उशाशी ठेवले जाते. कित्येक रोगी त्यात फुंकर मारून चेंडू वर नेण्याची खटपट करतात. वास्तविक त्यातून हवा आत ओढावयाची असते, हे त्यांना कोणी दाखविलेलेच नसते. निव्वळ हे उपकरण हाती दिल्याने उपद्रव टळतात असे संशोधनाने सिद्ध झालेले नाही. तरी बिलात त्याची नोंद असते. ज्या अर्ध्या तासाने गुण येतो, त्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. जे मोजता आणि विकता येते ते दिले जाते. जे बसून शिकवावे लागते त्याला माणूस मिळत नाही.

वेदनेचीही अशीच गोष्ट आहे. 'कळ सोसावी' हा आमच्या घरांतील जुना संस्कार. तो अन्य प्रसंगी भूषणावह असेल, शस्त्रक्रियेनंतर मात्र तो घातक ठरतो. ज्याला वेदना असह्य आहे तो खोकणार नाही, आणि जो खोकणार नाही त्याचा कफ सुटणार नाही. वेदनाशामक वेळेवर आणि बेताचे मिळणे ही चैन नव्हे. तो फुप्फुसाच्या उपचाराचाच भाग आहे. बेताचे म्हणावयाचे ते अशासाठी की, अफूवर्गीय औषधांचा अतिरेक झाला तर श्वासच मंदावतो. जखमेवर उशी घट्ट धरून खोकले तर दुखणे कमी होते व टाके तुटत नाहीत, एवढी साधी युक्ती कोणी शिकविली तर रोग्याचे निम्मे भय जाते. ती शिकविण्यासाठी परिचारिकेपाशी पाच मिनिटे हवीत. रात्रपाळीला एकाच बाईकडे सारा कक्ष सोपवावयाचा आणि तिने प्रत्येक खाटेपाशी थांबून श्वास मोजावेत अशी अपेक्षा करावयाची, हा न्याय नव्हे.

आणि रोग्याने स्वतः काय करावयाचे? विडी-सिगरेट ओढणाऱ्याने ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी ती सोडली, तर फुप्फुसांचे उपद्रव कमी होतात, आणि जखमही बरी भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली याच मुदतीचा पुन्हा उच्चार केला. परंतु आमचे गृहस्थ हर्नियाच्या शस्त्रक्रियेची तारीख पंचांग पाहून दोन महिने आधी ठरवितात आणि सिगरेटचे शेवटचे झुरके रुग्णालयाच्या फाटकापाशी ओढून आत शिरतात! मुहूर्त पाहणाऱ्यांनी निदान हा चार आठवड्यांचा मुहूर्त तरी पाळावा.

करोनाच्या साथीने या प्रश्नाचे भीषण रूप एकदा दाखविले आहे. त्या साथीत शस्त्रक्रियेच्या सुमारास लागण झालेल्या ११२८ रुग्णांची माहिती २४ देशांतील रुग्णालयांतून गोळा करून २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्यांना फुप्फुसांचे उपद्रव झाले. आणि जे दगावले त्यांच्यातील पाचांपैकी चौघे या उपद्रव झालेल्यांतले होते. तो काळ अपवादात्मक होता हे मान्य. पण त्या काळात आपण सारे बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजावयास शिकलो, पालथे निजून श्वास घ्यावयास शिकलो. साथ ओसरली आणि शिकलेला धडा यंत्रासह फडताळात गेला.

येथे डॉक्टरांवर अन्याय होऊ नये, म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फुप्फुसाचा प्रत्येक उपद्रव ही कोणाची तरी चूक असते, असे आम्ही म्हणत नाही. वृद्ध, कृश, दीर्घकाळ दम्याने गांजलेले, आयुष्यभर चुलीच्या धुरात राबलेले रोगी असतात. मध्यरात्री फुटलेल्या आतड्याची शस्त्रक्रिया करावी लागते, तेव्हा धडा द्यावयास अर्धा तास तर सोडाच, अर्धा क्षणही नसतो. सर्व काळजी घेऊनही काही रोगी हाती लागत नाहीत. अशा वेळी रुग्णालयाच्या काचा फोडणे हा रानटीपणा आहे आणि त्याचा आम्ही सदैव निषेध करीत आलो आहो. परंतु जे टाळता येत नाही त्याच्या आडोशाला जे टाळता येते ते लपविता कामा नये. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या थोडी नाही, आणि तेथे वेळ नव्हता ही सबब चालणार नाही.

माणसे नाहीत ही सबबही पुरी खरी नाही. पोलिओच्या साथींच्या काळात, १९५० नंतर, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि या देशातील त्या विद्येचा पाया ज्या शहरांत घातला गेला त्यांत मुंबईचे नाव अग्रभागी आहे. आज महाराष्ट्रात त्या विषयाची महाविद्यालये आहेत. २०२१ साली संसदेने अशा संलग्न आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदाही केला. तरी सर्वसामान्य समजूत अशी की, फिजिओथेरपी म्हणजे गुडघा आणि कंबर. छोट्या शुश्रूषागृहांत त्या तज्ज्ञाला बोलावणे येते ते बहुधा रोगी अंथरुणाला खिळल्यावर. आग लागल्यावर विहीर खणावयाची, हीच ती रीत.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. पहिली अशी की, ठरवून केलेल्या प्रत्येक मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला आणि त्याच्या घरातील एका माणसाला मराठीत, वा त्यांच्या भाषेत, श्वासाचा हा अर्ध्या तासाचा धडा मिळालाच पाहिजे. तो मिळाल्याची नोंद संमतिपत्राप्रमाणे कागदावर झाली पाहिजे. दुसरी, शासकीय योजनांनी आणि विमा कंपन्यांनी शस्त्रक्रियेची ठराविक रक्कम ठरविताना हा धडा व नंतरचे भौतिकोपचार तीत धरावेत. न्यूमोनिया झाल्यावर श्वसनयंत्राचे पैसे मोजण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल. तिसरी, प्रत्येक रुग्णालयाने शस्त्रक्रियेनंतर किती जणांना न्यूमोनिया झाला हे मोजावे. आपल्या राज्यात शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९ सालचा कायदा आहे, आणि २०२१ साली त्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावण्याचे बंधन आले आहे. खोलीचे भाडे भिंतीवर लावता येते, तर हा आकडा निदान आरोग्य खात्याला कळविण्यास अडचण ती कोणती? जे मोजले जात नाही ते सुधारले जात नाही.

चौथी मागणी आमच्या वाचकांकडे आहे. आपल्या घरातील माणसाची शस्त्रक्रिया ठरली की शल्यविशारदाला खर्च विचारता, खोली विचारता, किती टाके पडतील तेही विचारता. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : 'याला श्वास घ्यावयास कोण शिकविणार, आणि केव्हा?' उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहा. आणि शस्त्रक्रियेनंतर परिचारिका रोग्याला उठवावयास आली की तिची वाट अडवू नका. त्याच्या दुसऱ्या खांद्याला आधार द्या.

शल्यविशारदाची सुरी थांबते तेथे शस्त्रक्रिया संपत नाही. रोगी आपल्या पायांनी खोलीच्या दारापर्यंत चालत जातो, तेथे उभा राहून पोटभर श्वास घेतो आणि न भिता खोकतो, तेव्हाच ती संपते. 'ऑपरेशन उत्तम झाले' हे तीन शब्द त्या दिवशी उच्चारावेत. तोवर साखर देवापुढेच राहू द्यावी.